बसण्याची नोकरी

२९ ऑक्टोबर १९९८. सकाळी मी स्टोअरच्या खोलीत गॉज कापत बसले होते. ड्रेसिंगच्या जाळीदार कापडाचा ताका मांडीवर, हातात मोठी कात्री, आणि समोर पुण्याहून आलेली एक विद्यार्थिनी कापलेल्या चौकोनांच्या घड्या घालत होती. गॉज कापणं हे आमच्या हॉस्पिटलात कोणाचंच ठरलेलं काम नव्हतं. सिस्टरांना वेळ नसायचा, आयांना फरशी आणि बेडपॅन पुरायचे. उरले मी, हॉस्पिटलची चॅप्लेन, म्हणजे आजाऱ्यांजवळ बसून प्रार्थना करणारी. चॅप्लेनला काय काम असतं, असं सगळ्यांनाच वाटायचं. ताका आला की तो न विचारता माझ्या पुढ्यात आणून टाकत.

मला गॉज कापायला आवडायचं, हे मी कोणाला सांगितलं नव्हतं. त्या कामाचं काहीतरी दिसायचं. डबा भरायचा.

हॉस्पिटल मंचरच्या पुढे, हायवेला लागून होतं. मिशनच्या लोकांनी सुरू केलेलं, बैठं, कौलारू, पुढे दोन नवे स्लॅबचे वॉर्ड जोडलेले. अपघाताचे, बाळंतपणाचे, विंचू चावल्याचे, सगळे पेशंट आमच्याकडे यायचे. डॉक्टर, सिस्टर, ड्रायव्हर, कंपाउंडर यांची कामं गावाला माहीत होती. माझं माहीत नव्हतं. मंचरच्या पेठेतले एक मारवाडी दुकानदार कापड फाडता फाडता दर खेपेला विचारायचे, "बाई, तुमचं नेमकं डिपार्टमेंट कोणतं?" मी म्हणायचे, "मी हॉस्पिटलात आहे." ते म्हणायचे, "ते ठाऊक आहे हो. पण करता काय?" मी सुटे पैसे मोजायला लागायचे.

मी बी.डी. झालेली आहे. म्हणजे ईश्वरविज्ञानाची पदवी. मी शिकत होते तेव्हा आमच्या वर्गात आम्ही दोघीच मुली होतो, आणि मी चर्चच्या ज्या मंडळीतली, तिथे बाईला पाळक करत नसत. मुलगे पास झाले की त्यांना चर्च मिळायचं, राहायला बंगली मिळायची. आम्हाला विचारायचे, "पुढे काय?" एक प्राध्यापक हसत सांगायचे की पाळकाशी लग्न करा म्हणजे डिग्री वाया जाणार नाही. दुसरीने तसंच केलं. मी एका शाळामास्तरशी लग्न केलं, काही वर्षं वसतिगृहात मुली सांभाळल्या आणि मग ही जागा निघाली. हॉस्पिटलात आजाऱ्यांना भेटायचं, त्यांचं ऐकायचं, हवी असेल तर प्रार्थना करायची, नातेवाइकांना धीर द्यायचा. सकाळी आठला स्टाफची उपासना घ्यायची. अर्ज करणारी मी एकटी होते. हे निवडीचं कारण असावं, असं मला तेव्हाही वाटलं होतं.

त्या वर्षी कॉलेजने ठरवलं की शेवटच्या वर्षाच्या मुलांना चर्चखेरीज दुसऱ्या वाटाही दाखवाव्यात. म्हणून ही विद्यार्थिनी आठवडाभरासाठी माझ्याकडे आली. पाळकाची मुलगी होती. तिचे वडील तिला म्हणत होते की बी.एड. कर आणि शाळेत लाग. तिला काय करावं ते कळत नव्हतं. घड्या घालता घालता तिने सरळच विचारलं.

"मॅडम, खरं सांगा. यात करियर आहे का?"

"आहे ना," मी म्हणाले. "मोठ्या शहरांत मोठी हॉस्पिटलं आहेत. लष्करात असतात, तुरुंगात असतात. आपल्याकडे अजून लोकांना माहीत नाही, एवढंच."

"पण करायचं काय असतं? म्हणजे दिवसभर?"

हाच प्रश्न पेठेत ऐकला की मी सुटे पैसे मोजायचे. पण ही माझी विद्यार्थिनी होती, आणि मला कोणी मॅडम म्हणायला लागून चारच दिवस झाले होते. मी कात्री खाली ठेवली. "चल," म्हणाले. "दाखवते."

वॉर्डाच्या दारात मी तिला थांबवलं आणि हळूच सांगितलं, "बघ हं, आपण आत गेलो की वॉर्ड कसा शांत होतो. लोकांना कळतं की आता कोणीतरी आपलं ऐकून घ्यायला आलं आहे."

आत गेलो. वॉर्ड शांत झाला. बायका उठून बसल्या, पोरांना जवळ ओढलं. विद्यार्थिनीने माझ्याकडे बघून मान हलवली. मला फार बरं वाटलं. हे आठवलं की आजही मला हातातलं काम टाकून उठावंसं वाटतं.

कोणाजवळ बसायचं ते मी स्टोअरमध्येच ठरवलं होतं. खिडकीजवळच्या कॉटवर जुन्नरपलीकडच्या मढची एक तरुण बाई होती. माहेर मंचरच्या जवळचं. दिवाळीला माहेरी आली आणि पोटात दुखायला लागलं. घरच्यांनी दोन दिवस ओव्याचं पाणी दिलं. अपेंडिक्स फुटून पोटात पू झाल्यावर आणली. डॉक्टरांनी रात्रीतून ऑपरेशन केलं, पोटात नळी ठेवली. पहिले दिवस वाईट गेले. आता ताप उतरला होता, त्याच सकाळी सलाईन काढली होती. दंडावर इंजेक्शनं आणि रोज ड्रेसिंग, एवढं राहिलं होतं. बाई बोलकी होती. तिच्याजवळ कोणीही बसलं तरी गप्पा चांगल्या व्हायच्या.

मी स्टुलावर बसले. विद्यार्थिनी पायथ्याशी उभी राहिली.

"कसं आहे आज?"

"बरं हाय की. भात कापायला आलंय तिकडं, आन मी हितं लोळतीया. सासू म्हंती, तू निजूनच ऱ्हा, तुझ्यापरीस म्हस बरी."

"रागावतात का सासूबाई?"

"छ्या! तोंड तेवढं हाय. रोज माझ्या कॉटखाली निजत्यात. कॉट कराकरा वाजली की खालून विचारत्यात, हायेस का गं?" ती हसली आणि लगेच पोट धरलं. "हसवू नका बाई, टाकं दुखत्यात."

मी विचारलं, "प्रार्थना केली तर चालेल का?" हे मी नेहमी विचारते. न विचारता कधी केली नाही.

"करा की. फुकट हाय न्हवं?"

मी विद्यार्थिनीला म्हटलं, तू कर. तिने बायबल उघडलं, डोळे मिटले आणि तिच्या वडिलांच्या चालीवर मोठ्याने प्रार्थना सुरू केली. ती बरीच लांबली. मी मधेच डोळे उघडले तर दारात त्या बाईची सासू उभी होती. नळावरून धुतलेली लुगडी पिळून आणली होती, त्यांचं पाणी फरशीवर गळत होतं. तिचे डोळे भरलेले होते. मी तिच्याकडे बघून मान हलवली, म्हणजे काळजी करू नका, अशा अर्थाने. तिने ती मान हलवलेली पाहिली आणि लुगड्यांसकट मागे वळली.

बाहेर आल्यावर विद्यार्थिनी म्हणाली, "मॅडम, त्या आजी रडत होत्या."

"हो," मी म्हणाले. "होतं असं."

बाराच्या सुमाराला हायवेला कांद्याचा ट्रक उलटला. सगळा स्टाफ कॅज्युअल्टीकडे पळाला. आम्हाला तिथे काही करण्यासारखं नव्हतं, म्हणून मी तिला घरी जेवायला नेलं. पिठलं-भाकरी खाताना मी तिला समजावत होते की चॅप्लेनचं काम मुख्यतः ऐकण्याचं असतं. समोरचा काय बोलतो यापेक्षा काय बोलत नाही ते ओळखायचं. ती मन लावून ऐकत होती.

परत आलो तेव्हा खिडकीजवळची कॉट रिकामी होती.

वॉर्डाची इनचार्ज सिस्टर केरळची. बारा वर्षं इथे राहून मराठी पक्कं झालं होतं, राग आला की जास्तच पक्कं व्हायचं. तिच्या ॲप्रनवर ट्रकच्या क्लीनरचं रक्त होतं. ती कॉटकडे बोट दाखवून म्हणाली, "गेली. आम्ही तिकडे होतो, तेवढ्यात नवऱ्याने जीप आणली आणि उचलून नेली. पोटात नळी आहे! पुढचं इंजेक्शन चुकलं तर परत पू होणार. कोणी सांगितलं त्यांना न्यायला?"

"मी नाही सांगितलं," मी म्हणाले.

तेवढ्यात त्या बाईची आई डबा घेऊन आली. माहेरचं गाव जवळ असल्याने ती रोज दुपारी मऊ भात आणायची. रिकामी कॉट बघून ती मटकन खाली बसली. शेजारच्या कॉटवरची म्हातारी खोकत खोकत तिला सांगायला लागली, आणि आम्ही सगळ्यांनी ते ऐकलं.

"सकाळी सलाईन काढली. मंग ही चर्चवाली आली. आज तर दोघी आल्या. पोथी उघडली. तुझ्या विहिणीनं बघितलं, तिनं इचारलं बी, खुणंनं. हिनं मान हलवली. मंग काय ऱ्हातंय? ती म्हनली, सवाष्ण हाय, मरायची तर माज्या उंबऱ्यातनं जाऊ दे, हितं नगं. आन न्हेली."

"अगं पण ती बरी व्हत व्हती!" आई ओरडली.

"आता मला काय ठावं. ही बसली त्यातलं कोन उठलंय?"

वॉर्ड शांत होता. सकाळसारखाच.

मला बोलावणं कधी यायचं, हे मला माहीत नव्हतं असं नाही. डॉक्टरांनी हात टेकले की ते सिस्टरला सांगायचे, चॅप्लेनला बोलवा. सिस्टर आयाला सांगायची, आया वॉर्डातून माझ्या खोलीकडे यायची, आणि मी त्या कॉटजवळ जाऊन बसायचे. बाकीच्या कॉटवरच्यांना ते सगळं दिसायचं. औषध थांबलं की बाई येते, बाई आली की चादर डोक्यावरून ओढतात. इतक्या वर्षांत त्यांनी तेवढंच पाहिलं होतं. मी ते शांत होणं मानाचं समजत होते. माझी डिग्री, माझं ऐकण्याचं शास्त्र, आणि एवढी साधी गोष्ट मला एका खोकणाऱ्या म्हातारीकडून कळत होती. विद्यार्थिनी माझ्या शेजारी उभी होती. मी तिच्याकडे बघितलं नाही.

डॉक्टर आले. त्यांनी दोन शब्दांत ऐकून घेतलं आणि म्हणाले, "गाडी घ्या आणि जा. सिस्टर सुटणार नाही, ज्युनियर नर्स न्या. इंजेक्शन तिथेच द्या आणि काहीही करून परत आणा."

सिस्टर म्हणाली, "चॅप्लेन मॅडमना नका पाठवू. यांना बघितलं तर सरणाची लाकडं काढतील."

"यांच्यामुळेच गेली आहे. यांनीच आणायचं," डॉक्टर म्हणाले आणि निघून गेले.

मग असं ठरलं की मी जायचं, पण गाडीतून उतरायचं नाही.

हॉस्पिटलच्या जीपमध्ये पुढे ड्रायव्हर आणि ती आई, मागे ज्युनियर नर्स, विद्यार्थिनी आणि मी. नारायणगाव, जुन्नर, गणेश खिंड. आई वाटभर मागे वळली नाही, पण बोलत मात्र माझ्याशीच होती. "जन्म मी दिला. आन मरायला म्हनं तिचा उंबरा. माज्या उंबऱ्याला काय झालंय?" थोड्या वेळाने, "ओव्याचं पानी मीच पाजलं व्हतं. दोन दिस." नर्स बर्फाच्या डब्यातली इंजेक्शनं मांडीवर धरून बसली होती. मी खिडकीतून बघत होते. खिंड उतरल्यावर भाताची खाचरं लागली, कापणीला आलेली, काही ठिकाणी पेंढ्या पडलेल्या. मला माझ्या सकाळच्या प्रत्येक वाक्याची लाज वाटत होती, आणि त्यातही 'होतं असं' या दोन शब्दांची जास्त.

मढमध्ये घर शोधावं लागलं नाही. माणसं जमलेली दिसतच होती. ड्रायव्हरने गाडी आंगणाबाहेर चिंचेखाली लावली. मी डोक्यावरून पदर घेऊन मागच्या बाकावर कोपऱ्यात सरकले. तेवढ्यानेही ओळख लपली नाही. दोघे-तिघे गाडीला येऊन टेकले.

"कुठलं पावणं?"

"हॉस्पिटलची गाडी हाय," ड्रायव्हर म्हणाला.

"आन ही डोईवर पदर घेतलेली?"

त्यांच्यातला एक दुसऱ्याला म्हणाला, "हीच ती. मी मामाच्या येळंला बघितली व्हती." आणि ते गाडीपासून चार पावलं मागे गेले.

आई आणि नर्स आत गेल्या. दार उघडं होतं. ओटीवर बाईला जमिनीवर घेतलं होतं, खाली घोंगडी, उशाला तांब्या. म्हणजे पुढची तयारी झालेली होती. तिच्याभोवती बायका दाटीने बसल्या होत्या, आणि त्या दाटीतून तिचाच आवाज येत होता.

"आवं मी मरत न्हाई! मला भूक लागलीया. कोनी भात वाढंल का?"

"ऐकू नगा," कोणीतरी म्हणालं. "शेवटाला आसंच व्हतंय. खायाला मागत्यात."

"तुजी सासू रोज मागून खाती, ती मेली का?" बाई ओरडली.

एक बाई पदर तोंडाला लावून हसली आणि लगेच रडायला लागली. नर्सने ताप बघितला. चढायला लागला होता. ती इंजेक्शन भरत होती तर सासू मधे उभी राहिली. "आता टोचून काय करता? सुखानं जाऊ द्या तिला." आईने तिचा हात धरला आणि दोघी विहिणी तिथेच एकमेकींना माहेर-सासर सुनावायला लागल्या. नवरा भिंतीला टेकून उभा होता, त्याला कोणी विचारत नव्हतं.

नर्स बाहेर येऊन ड्रायव्हरला म्हणाली, "ऐकत नाहीत. म्हणतात डॉक्टरांनीच सोडून दिलं, म्हणून चर्चच्या बाईला पाठवलं."

हे मी ऐकलं, आणि सासूनेही ऐकलं. ती माझ्या दिशेने बघायला लागली. मग आंगण ओलांडून आली. उंच, काटक बाई. डोळे सुजलेले.

मी दाराला हात घातला तशी ती म्हणाली, "खाली उतरू नगंस. तिथनंच बोल. तुला डॉक्टरनं धाडलं व्हतं का न्हाई?"

"नाही."

"मंग सिस्टरनं?"

"नाही. मला कोणीच पाठवलं नव्हतं."

"मंग माज्या सुनंपाशी कशाला बसलीस? तिकडनं सलाईन काढली आन हिकडनं तू आलीस."

"सलाईन बरं वाटलं म्हणून काढली. तिला आता तोंडाने खाता येतं."

"ते सोड. तू का आलीस ते सांग."

आंगणातली माणसं जवळ आली होती. काहीतरी बरं सांगता आलं असतं. मी रोजच सगळ्यांजवळ बसते, असं म्हणता आलं असतं, पण ते खोटं होतं आणि तिला ते ठाऊक होतं. ती आठ-दहा दिवस कॉटखाली निजत होती. मी कधी येते आणि कोणाकडे येते हे तिने माझ्यापेक्षा नीट पाहिलं होतं.

"ही मुलगी शिकायला आली आहे," मी म्हणाले. "माझं काम कसं असतं ते तिला दाखवायचं होतं. आजाऱ्याजवळ कसं बसायचं, कसं बोलायचं, ते. म्हणून बसले."

"शिकवाया?"

"हो."

"म्हंजी माजी सून तुमची पाटी व्हय? गिरवायची?"

ती सोडणार नव्हती.

"वॉर्डात येवड्या बाया व्हत्या. हीच का?"

"कारण ती बरी होत होती. हसून बोलते. तिच्याजवळ बसलं की काम चांगलं दिसतं."

"आन ज्या खरंच जायच्या हायेत त्यांच्याकडं का न्हाई न्हेलं हिला?"

विद्यार्थिनी माझ्या गुडघ्याला गुडघा लावून बसलेली होती. मी समोरच्या बाकाच्या फाटलेल्या रेक्झिनकडे बघत उत्तर दिलं. "तिथे मला काही नीट येत नाही. तिथे मला काय बोलावं ते सुचत नाही. ते हिला दिसलं असतं."

"मंग करतीस काय तिथं?"

"बसते."

चिंचेखालचा एक जण म्हणाला, "बसायचा पगार हाय राव! लई झ्याक नोकरी." दोघे हसले. सासूने मागे वळून बघितलं तसे ते गप्प झाले.

तिने पदराने तोंड पुसलं. मग आंगणाकडे तोंड करून, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "हिला कोनी धाडलं नव्हतं. ही आपली मिरवाया आली व्हती." पुढे जरा हळू, बहुतेक स्वतःशीच, "खोटं असतं तर काय तरी बरं सांगितलं असतं हिनं."

त्यानंतर सगळं पटापट झालं. इंजेक्शन तिथेच ओटीवर दिलं. तांब्या उचलून आत नेला. नवरा आणि चुलत दीर घोंगडीसकट बाईला उचलून आणू लागले, तशी सासू पुढे झाली आणि मला म्हणाली, "तू उतर आता."

"मी?"

"ती गाडीत बसंल. तू न्हाई. एकाच गाडीतनं न्यायची न्हाई मला. तू आपली येष्टीनं ये."

ड्रायव्हर माझ्याकडे बघून दुसरीकडे बघायला लागला. मी उतरले. विद्यार्थिनीही उतरली, तिला कोणी सांगितलं नव्हतं. बाईला मागच्या बाकावर आडवं केलं, सासू खाली तिच्या पायाशी बसली, आई आणि नर्स पुढे. गाडी वळताना बाईने मान उचलली आणि ओरडली, "बाई! बरं झाल्यावर बी यिऊ नगा माझ्याकडं!" आणि हसून पोट धरलं. सासूने तिचं डोकं खाली दाबलं.

आम्ही दोघी चालत रस्त्यावर आलो. आळेफाट्याकडे जाणारी एसटी यायला वेळ होता. समोर चहाची टपरी होती. मी दोन चहा सांगितले. लोक आमच्याकडे बघत होते. बातमी आमच्या आधी पोचली होती.

विद्यार्थिनीने चहा निवू दिला. मग म्हणाली, "मॅडम, कॉलेजात विचारतील. मी काय सांगू?"

"झालं ते सांग."

"मग या लाईनला कोणी येणार नाही."

"नको येऊ देऊ."

"तुम्हाला खरंच सुचत नाही? म्हणजे... शेवटच्या वेळी?"

"नाही. पहिली काही वर्षं वचनं म्हणायचे. नंतर नातेवाइकांच्या चेहऱ्याकडे बघवेना, म्हणून खिडकीकडे बघत म्हणायला लागले. आता बऱ्याचदा काहीच म्हणत नाही. बसते आणि कधी उठावं याचा विचार करते."

तिने कप खाली ठेवला. "तुम्ही हे जेवताना सांगायला हवं होतं," ती म्हणाली. आवाजात राग होता. तिचं बरोबर होतं. मी तसं म्हणाले नाही, टपरीवाल्याला चहाचे पैसे दिले.

ही मुलगी पुढे चॅप्लेनच झाली, हे इथेच सांगून टाकते, कारण ओळखीचे लोक विचारतात. दोन हजार सालानंतर शहरातल्या हॉस्पिटलांत अशा जागा निघायला लागल्या, तिने त्यासाठी वर्षभराचं वेगळं शिक्षणही घेतलं. तिच्या ओळखपत्रावर आता 'समुपदेशक' असं लिहिलेलं असतं. माझ्याबरोबरच्या त्या आठवड्याचा तिला किती उपयोग झाला ते मी विचारलेलं नाही. ती दर नाताळला कार्ड पाठवते. त्यात नाताळाच्या शुभेच्छा असतात, दुसरं काही नसतं.

एसटीने आळेफाटा, तिथून दुसऱ्या गाडीने मंचर. हॉस्पिटलात पोचले तेव्हा बाई तिच्या खिडकीजवळच्या कॉटवर झोपली होती, सलाईन परत लावली होती. मी दाराबाहेरूनच पाहिलं. सिस्टर म्हणाली, "ताप थोडा आहे. उद्या कळेल. तुम्ही आत येऊ नका आता."

घरी मास्तरांनी विचारलं, कसा झाला दिवस? मी म्हणाले, मढला गेले होते. ते म्हणाले, तिकडे भात कसं आहे? मी म्हणाले, चांगलं आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी आठची उपासना घेतली. विद्यार्थिनी मागच्या बाकावर बसली होती. उपासना झाल्यावर मी स्टोअरमधून गॉजचा ताका, कात्री आणि डबा उचलला. बायबल तिथेच शेल्फवर ठेवलं. एका हातात स्टूल घेतलं आणि बायकांच्या वॉर्डात गेले.

वॉर्ड शांत झाला. बायका उठून बसल्या. एकीने पोराला पदराखाली घेतलं.

मी कोणत्याही कॉटजवळ गेले नाही. वॉर्डाच्या मधोमध, पंख्याखाली, सगळ्यांना दिसेल अशा जागी स्टूल ठेवलं, ताका मांडीवर घेतला आणि कापायला लागले. कात्रीचा आवाज तेवढा होता. खिडकीजवळची बाई जागी होती, तिने एक डोळा उघडून बघितलं आणि परत मिटला. कॉटखालून तिची सासू सरपटत बाहेर आली, कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"आता कोनासाटी आलीस?"

"गॉज कापायला," मी म्हणाले.

तिने डब्यात वाकून पाहिलं, कापलेला एक चौकोन उचलून उजेडाला धरला, परत टाकला.

"मंग काप," ती म्हणाली. "पर स्टूल जरा तिकडं घे."

मी स्टूल दाराकडे सरकवलं आणि कापायला लागले.